सह्याद्रीचाच कातळ, पण पुराने उपटलेला: पूर्व वॉशिंग्टनच्या स्टेट पार्कांत तीन दिवस

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल-बेलव्ह्यूची मराठी मंडळी पाहुण्यांना माउंट रेनियरला नेतात, ओलिंपिक नॅशनल पार्कला नेतात आणि कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे काय आहे असं कुणी विचारलं तर "काही नाही, सगळं उजाड" म्हणून हात झटकतात. त्या उजाडात गेलं की मराठी माणसाला पहिली जाणीव होते ती ओळखीची. काळा कातळ, एकावर एक रचलेले थर, पायऱ्यापायऱ्यांचे कडे. हा बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचाच चुलतभाऊ. फरक एवढाच की आपल्याकडे त्याला पावसाने आणि नद्यांनी लाखो वर्षं सावकाश कोरलं, तर इथे हिमयुगातल्या पुरांनी तो ढेकळासारखा उचकटून नेला.

हे बघायचं तर तीन स्टेट पार्क पुरतात: व्हँटेजजवळचं गिंगको पेट्रिफाइड फॉरेस्ट, कुली सिटीजवळचं सन लेक्स-ड्राय फॉल्स आणि बँक्स लेकच्या काठचं स्टीमबोट रॉक. एकच पथ्य पाळायचं. जायचं याच क्रमाने. आधी लाव्हा समजून घ्यायचा, मग पुराची करामत बघायची. थेट ड्राय फॉल्सच्या कठड्यावर गाडी थांबवली तर दहा मिनिटांत फोटो काढून लोक परत फिरतात, कारण समोर नक्की काय दिसतंय ते उमगतच नाही.

निघण्यापूर्वी: दगड वाचायला शिका

इथला लाव्हा ज्वालामुखीच्या शंकूतून उसळलेला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहिला. काळ साधारण १ कोटी ७० लाख ते ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्यातला बहुतेक लाव्हा सुरुवातीच्या थोड्याच काळात बाहेर पडला. तीनशेहून जास्त प्रवाह एकावर एक पसरले आणि दोन लाख चौरस किलोमीटरहून जास्त भाग झाकला गेला. दख्खनचा लाव्हा याच्या कितीतरी आधीचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि आज उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटरचा. म्हणजे वयाने आणि आकाराने थोरली पाती आपलीच.

कड्याकडे बघताना प्रत्येक प्रवाह खालून वर वाचायचा. तळाशी जाड, सरळ, उभे खांब दिसतील. लाव्हा थिजताना आकसतो, आकसताना त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा थंड बाजूकडून आत सरकत जातात. तळाशी थंड होणं संथ आणि एकसारखं, म्हणून खांब जाडजूड आणि बहुधा पाच-सहा बाजूंचे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर हे चित्र नवं नाही. त्याच्या वर बारीक, वेडेवाकडे, पंख्यासारखे पसरलेले खांब येतात. वरून पाणी भेगांत शिरून तो भाग घाईने थंड झाला, म्हणून ही ओढाताण. सगळ्यात वर बुडबुड्यांनी भोकं पडलेला सच्छिद्र थर असतो, वायू वर चढून तिथेच अडकल्याचा. भोकांचा थर आणि त्यावर पुन्हा जाड खांब सुरू झाले, की समजावं दुसरा प्रवाह सुरू झाला. पंधरा मिनिटं सराव केला की लहान मुलंही कड्यातले प्रवाह मोजतात.

चौथी खूण म्हणजे उश्या. लाव्हा तळ्यात किंवा नदीत शिरला तर त्याचे लोडासारखे गोळे होतात आणि गोळ्यांच्या मधे पिवळट-तपकिरी चुरा भरतो. असा थर दिसला तर तिथे त्या वेळी पाणी होतं, हे नक्की.

आता पूर. हिमयुगाच्या अखेरीस उत्तरेकडून उतरलेल्या बर्फाच्या जिभेने आजच्या आयडाहो-मोंटाना सीमेजवळ क्लार्क फोर्क नदी अडवली. मागे मिसूला नावाचं सरोवर साठलं, बर्फाच्या धरणाशी सुमारे दोन हजार फूट खोल. साठा साधारण ५०० घन मैल. कोयनेच्या शिवसागराची साठवण १०५ टीएमसी धरली तर असे सातशे शिवसागर. पाणी चढलं की बर्फाचं धरण फुटायचं आणि सगळा साठा पूर्व वॉशिंग्टनवरून वाहून जायचा. बर्फ पुन्हा पुढे सरकायचा, धरण पुन्हा तयार व्हायचं. सुमारे वीस ते चौदा हजार वर्षांपूर्वीच्या काळात हे डझनावारी वेळा घडलं. त्यात पश्चिमेकडे बर्फाच्या दुसऱ्या जिभेने कोलंबिया नदीचीच वाट अडवलेली, म्हणून पाणी आडवाटेने, आजच्या ग्रँड कुलीतून घुसलं. कुली म्हणजे पुराने खोदलेली, आता कोरडी पडलेली कडेकपारींची घळ.

सिएटलच्या हायस्कुलात एके काळी जीवशास्त्र शिकवणाऱ्या जे हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये हे महापुराचं काम आहे असं मांडलं तेव्हा भूवैज्ञानिकांनी त्यांना जवळपास वेड्यात काढलं. एवढं पाणी आणणार कुठून, हा प्रश्न. मिसूला सरोवरावर काम करणाऱ्या जोसेफ पार्डी यांनी १९४२ मध्ये त्या सरोवराच्या तळावरच्या प्रचंड लाटांच्या खुणा प्रसिद्ध केल्या आणि पारडं फिरलं. ब्रेट्झना पेनरोज पदक, भूविज्ञानातला मोठा सन्मान, मिळालं ते १९७९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी.

कधी जायचं

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर हा सर्वात चांगला काळ. उतारांवर बाल्समरूटची पिवळी आणि ल्युपिनची जांभळी फुलं असतात, दिवसा हवा चालण्याजोगी. रात्री मात्र पारा शून्याजवळ जाऊ शकतो, आणि याच दिवसांत गवतात गोचिडी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ ते ३८ अंशांवर जातो, सावली नसते, काळा कातळ तव्यासारखा तापतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर सकाळी दहापर्यंत पायपीट संपवायची आणि दुपार तळ्यात काढायची. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य पुन्हा उत्तम, फक्त अंधार लवकर पडतो. जुलैतलं बुकिंग मिळालं नाही म्हणून हळहळू नका, मे त्याहून सरस आहे.

पास आणि बुकिंग

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कात चालत नाही. ती केंद्राची उद्यानं, ही राज्याची. वॉशिंग्टनमध्ये गाडी उभी करायला डिस्कव्हर पास लागतो. एका दिवसाचा १० डॉलर आणि वर्षाचा ४५ डॉलर (ऑक्टोबर २०२५ पूर्वी तो ३० होता), शिवाय विक्रेता किंवा संकेतस्थळ थोडं शुल्क वर लावतं. वार्षिक पासावर दोन गाड्यांचे नंबर लिहिता येतात, पण एका वेळी तो एकाच गाडीत चालतो. दोन गाड्यांनी जाणार असाल तर दोन पास. नंबर न लिहिता पास आरशाला लटकवला तर तो ग्राह्य धरत नाहीत, आणि दंड ९९ डॉलरचा आहे. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतून हा पास पुस्तकासारखा घरी नेता येतो. आधी तिथे चौकशी करा.

स्टेट पार्कात मुक्काम असेल तर त्या पार्कात, त्या मुक्कामापुरता वेगळा पास लागत नाही. पण वाटेत गिंगकोला किंवा लेनोर गुहांना थांबणार असाल तर लागतोच.

कॅम्पसाइटचं बुकिंग नऊ महिने आधी उघडतं. चार जुलैच्या सुट्टीसाठी म्हणजे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला. नोंदणी करताना तीन प्रकार दिसतील: साधी जागा, वीज-पाणी असलेली आणि सांडपाण्याच्या जोडणीसकट. तंबूवाल्यांनी साधी घ्यावी. वीज-पाण्याच्या जागांवर आरव्ही, म्हणजे आत राहता येणाऱ्या घरासारख्या गाड्या, येतात आणि तुमचा तंबू दोन मोठ्या गाड्यांच्या मधे सापडतो. एका जागेवर कमाल आठ माणसं, जास्तीच्या गाडीचे पैसे वेगळे. आपल्याकडे पाच-सहा कुटुंबं मिळून जायची पद्धत, आणि तिथे हमखास चूक होते ती ही: प्रत्येकाने आपापलं बुकिंग केलं की जागा चार कोपऱ्यांत विखुरतात. एकाच माणसाने नकाशा उघडून शेजारशेजारच्या तीन जागा एकदम घ्याव्यात. भरलेलं असेल तर संकेतस्थळावर जागा सुटल्याची सूचना लावून ठेवा. आठवडाभर आधी पुष्कळ रद्द होतात.

आत येण्याची वेळ दुपारी २:३०, सोडण्याची १. रात्री दहा ते सकाळी साडेसहा शांतता. अंताक्षरी साडेनऊला आवरती घेतलेली बरी, तळ्याच्या काठाने आवाज फार लांब जातो.

सामान: नेमकं काय आणि का

इथला शत्रू पाऊस नाही, वारा आहे. घळींतून दुपारनंतर जोराचा वारा सुटतो आणि पातळ तारेच्या खुंट्यांवर उभा केलेला तंबू रात्री दोनला तोंडावर येतो. कातळावर मातीचा थर पातळ असल्याने त्या खुंट्या आत जातानाच वाकतात. जाड पोलादी खुंट्या घ्या, दहा-बारा इंचांच्या, एका तंबूला किमान आठ, आणि हातोडी. खुंटी जातच नसेल तर दोरी जाड दगडाला गुंडाळा आणि दुसरा दगड त्यावर ठेवा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा, बाहेरच्या सगळ्या दोऱ्या बांधा, नुसत्या चार कोपऱ्यांवर विसंबू नका. हिरवळीवर तंबू लावण्याआधी रेंजरला स्प्रिंकलरची वेळ विचारा. पहाटे आतून भिजलेल्या गाद्या वाळवण्यात सहलीचा अख्खा दिवस जातो.

झोपायला घरातली फुगवायची मोठी गादी आणू नका. तिच्यातली हवा खालच्या जमिनीइतकी गार होते आणि दोन पांघरुणं घेऊनही पाठ गारठते. फोमची किंवा आत उष्णतारोधक थर असलेली गादी घ्या. तिच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती गारवा किती अडवते तो आकडा, लिहिलेली असते, वसंतात ती ३ च्या वर हवी.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, पायपिटीच्या दिवशी त्यातले तीन पाठीवर. कॅम्पग्राउंडला नळ असतात, वाटांवर काहीही नसतं. तळ्याचं पाणी पिऊ नका. शॉवरला अनेक ठिकाणी नाणी किंवा टोकन लागतात, क्वार्टरच्या, म्हणजे २५ सेंटच्या, नाण्यांची पुडी जवळ ठेवा.

स्वयंपाकाचं गणित असं. दोन बर्नरच्या स्टोव्हचा एक बर्नर तासाला साधारण १०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक), आणि एक पौंडाच्या प्रोपेनच्या बाटलीत जवळपास २१,६०० बीटीयू. म्हणजे एक बर्नर पूर्ण आचेवर दोन तास. चौघांसाठी दोन दिवसांचा चहा, नाश्ता, दोन जेवणं धरली तर दोन बाटल्या पुरतात, तिसरी राखीव. वारा ज्योत आडवी करतो, त्यामुळे वाराप्रतिबंधक पत्रे असलेला स्टोव्ह नसेल तर चहालाच वीस मिनिटं जातात. प्रेशर कुकर आणलात तर तीन लिटरचा छोटा आणा. पाच लिटरचा बुडाला रुंद, तो पत्र्यांच्या मधे बसत नाही. मऊ भात, मेतकूट, तूप आणि पिठलं हा वाऱ्यातला सर्वात भरवशाचा बेत: दोन भांडी, पंचवीस मिनिटं, धुणं थोडं. पहिल्या दिवसासाठी घरून दशम्या आणि चटणी न्या. त्यांना बर्फ लागत नाही. बर्फाचे खडे न घेता मोठी लादी घ्या. खडे एका दिवसात वितळतात, लादी दोन दिवस टिकते.

लाकूड घरून नेऊ नका. लाकडातून झाडांची कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते, म्हणून ते तिथेच विकत घ्यायचं. उन्हाळ्यात बहुतेक वेळा आगबंदी लागू असते. तेव्हा शेकोटी आणि कोळसा दोन्ही बंद, झडपेने विझवता येणारा गॅसचा स्टोव्ह सहसा चालतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कच्या पानावर बघून घ्या.

पहिला दिवस: लाव्हा

बेलव्ह्यूहून सकाळी सातला आय-९० महामार्गाने निघा. स्नोक्वाल्मी खिंड ओलांडून एलेन्सबर्गनंतर झाडं संपतात, आणि सव्वादोन-अडीच तासांत एक्झिट १३६ वर व्हँटेज येतं. गिंगको पेट्रिफाइड फॉरेस्टचं केंद्र कोलंबियाच्या काठी उंचावर आहे. ते हंगामी असल्याने वेळा आधी पाहा. बंद असलं तरी बाहेरचे अश्मीभूत ओंडके आणि इथल्या मूळ रहिवाशांनी दगडांवर कोरलेली चित्रं बघता येतात. वनापम धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून ही चित्रं वाचवून इथे आणली.

लाकडाचा दगड झाला कसा, याचं उत्तर लाव्हाच्या प्रवाहांत आहे. झाडांचे ओंडके तळ्यात वाहून आले, जड होऊन गाळात बुडाले. वरून लाव्हा आला. एरवी लाकूड जळून जायचं, पण ओला गाळ आणि पाणी यांनी ते वाचवलं, हवा तुटल्याने कुजणंही थांबलं. पुढे पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत भरली. वर्षाची वलयं आजही मोजता येतात. केंद्रापासून दोनेक मैलांवर जुन्या हायवेवर ओंडक्यांची पायवाट आहे. ओंडके लोखंडी जाळ्यांखाली जमिनीतच ठेवलेत, त्यामुळे पहिल्या नजरेला निराशा होते. जवळ वाकून बघा, भिंगाने तर अवश्य. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. थरांच्या मधे जीव टिकून राहण्याचा हा तोच प्रकार.

पार्कातून लाकडाचा तुकडाही उचलायचा नाही, तो गुन्हा आहे. मुलांना हवाच असेल तर बीएलएम या केंद्राच्या जमीन-खात्याच्या मोकळ्या जमिनीवर स्वतःपुरते दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा घेता येतो. पण जमीन कुणाची, हे नकाशावर आधी खात्रीने पाहा.

नदी ओलांडून एक्झिट १४३ ला फ्रेंचमन कुली. हे स्टेट पार्क नाही, पण डिस्कव्हर पास इथेही लागतो. खांबांची अख्खी रांग भिंतीसारखी एकटी उभी आहे, दोन्ही बाजूंनी मोकळी, आणि तिच्यावर दोर लावून चढणारे लोक असतात. खांबाला हात लावा, दोन खांबांमधल्या फटीत बोटं घाला (आधी आत साप नाही ना ते बघून). फट किती मोकळी आहे ते कळलं की पुराचं काम कळलं. पाण्याने हा कातळ घासून झिजवला नाही. वेगाने वाहणाऱ्या पाण्याने सुटे खांब एकेक करून उपटून काढले.

एक्झिट १५१ वरून इफ्रेटामार्गे सोप लेक. इथे गाडीत पेट्रोल आणि किराणा भरून घ्या, पुढे दुकानं तुरळक आणि मोबाइलला रेंज अधूनमधून. नकाशे आधीच फोनवर उतरवून ठेवा. सोप लेकचं पाणी खारट-अल्कधर्मी, हाताला बुळबुळीत लागतं. इथून हायवे १७ उत्तरेला खालच्या ग्रँड कुलीत शिरतो आणि दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात. लेनोर गुहांची पाटी उजवीकडे दिसेल. चढून गेलं की उथळ गुहांची रांग आहे. आपल्या वेरूळ-अजिंठ्यासारख्या छिन्नीने घडवलेल्या नव्हेत, पुराने थरातला कमजोर भाग खेचून काढल्याने तयार झालेल्या. नंतर हजारो वर्षं माणसांनी त्यांचा आसरा घेतला. दोन मैलांच्या आतली जा-ये, पण उन्हात.

साडेतीन-चारला सन लेक्सच्या कॅम्पवर पोहोचा, वारा वाढण्याआधी तंबू उभा करा. मग मावळतीच्या तासभर आधी ड्राय फॉल्सच्या कठड्यावर जा. तो पार्कच्या प्रवेशापासून दोनेक मैल उत्तरेला, हायवेलगतच आहे. ही वेळ मुद्दाम निवडायची. कठडा पश्चिमेला आहे, सूर्य पाठीशी येतो आणि समोरच्या कड्यांचा प्रत्येक खांब उठून दिसतो. सकाळी इथून नुसती काळी सावली दिसते. पार्किंगपासून पावलं मोजकीच, त्यामुळे भारतातून आलेल्या आई-बाबांनाही सहज जमतं.

समोर साडेतीन मैल रुंद आणि चारशे फूट उंच कोरडा धबधबा. नायगारापेक्षा उंचीला दुपटीहून जास्त, रुंदीला तिपटीहून. पण मनातलं नेहमीचं चित्र बदला. पूर ऐन भरात असताना कड्याच्या माथ्यावरच सुमारे तीनशे फूट पाणी असावं, म्हणजे वरून बघणाऱ्याला धबधबा दिसलाच नसता, पाण्याचा पृष्ठभाग नुसता खाली वाकलेला दिसला असता. आणि हा कडा मुळात इथे नव्हता. तो सोप लेकच्या बाजूने मागे मागे सरकत इथवर आला. पायथ्याचे खांब उपटले की वरचा कातळ ढासळायचा, धबधबा एक पाऊल मागे. सोप लेकपासून तुम्ही जी घळ चढत आलात ती या माघारीची वाट.

दुसरा दिवस: कड्याच्या पायथ्याशी

उजाडताच निघा. उमाटिला रॉक हा धबधब्याच्या मधोमध उरलेला बेसाल्टचा लांब, पातळ भिंतीसारखा कडा. त्याला वळसा घालणारी वाट सुमारे पाच मैलांची, तीन तास धरा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं की उलट, याने फरक पडत नाही. सावली ज्या बाजूला आहे ती परतीला ठेवा. ड्राय फॉल्स लेकपर्यंतचा कच्चा रस्ता खडबडीत आहे, सेडान असेल तर गाडी आधीच लावून चालत जा.

वाटेत गोलाकार, उभ्या कडांचे खळगे आणि तळी दिसतील. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेत? तिथे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कातळ घासत घासत रांजण कोरले. इथले खळगे त्या मानाने अवाढव्य, आणि काम वेगळं: पुराच्या पाण्यातल्या उभ्या भोवऱ्यांनी खांब शोषून वर ओढले. म्हणून निघोजचे काठ गुळगुळीत आणि इथले कापल्यासारखे खडबडीत.

दुपारी डीप लेक किंवा पार्क लेकवर पाण्यात. पाणी वसंतात बर्फगार असतं, मुलांना लाइफ जॅकेट घालाच. शेजारच्या ब्लू लेकजवळच्या कड्यात, उश्यांच्या लाव्हात, एका गेंड्याच्या शरीराचा पोकळ साचा आहे, १९३५ मध्ये सापडलेला. फुगलेला मेलेला गेंडा पाण्यात पडलेला असताना लाव्हाच्या उश्या त्याच्याभोवती थिजल्या. तिथवरची चढण निसरडी आणि उभी आहे, मुलांना घेऊन जाण्याचा हट्ट करू नये.

साप आणि इतर धोके यांचं थोडक्यात. वॉशिंग्टनमध्ये धोकादायक विषारी साप एकच, रॅटलस्नेक. सह्याद्रीत फुरशाच्या बाबतीत जे पथ्य तेच इथे: न दिसणाऱ्या फटीत हात नाही, दगडावर बसण्याआधी मागे बघायचं, घोट्यावरचे बूट. त्याच्या शेपटीचा खुळखुळा ऐकू आला तर थांबा, आवाज कुठून येतो ते बघा, मग मागे सरका. चावलाच तर अंगठी-घड्याळ काढा, अवयव स्थिर ठेवा, ९११ ला फोन करा. कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नाही. तळ्यांच्या काठी तीन-तीन पानांचं, अंगाला खाज आणणारं पॉइझन आयव्ही असतं, त्याला लागलेले कपडे वेगळे ठेवा. संध्याकाळी काखा, कंबर, कानामागे गोचिडी तपासा आणि चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

तिसरा दिवस: स्टीमबोट रॉक

कुली सिटीहून हायवे १५५ ने वर जा. डावीकडे बँक्स लेक. हे नैसर्गिक तळं नाही, ग्रँड कुली धरणामागचं पाणी पंपाने चढवून वरच्या घळीत साठवलंय. अर्ध्या तासात आठशे फूट उंचीचा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. राजगड-तोरणा चढलेल्यांना त्याची ठेवण लगेच ओळखीची वाटते: खाली घसाऱ्याचा उतार, वर ताशीव कडा, माथा मोकळं पठार.

वाट कॅम्पग्राउंडसमोरून सुरू होते. आधी वाळू, मग एका खिंडीतून सुट्या दगडांवरून खडी चढण. लोक इथेच घसरतात, तेही उतरताना. काठी घ्या, अंतर राखून चाला, वरचा माणूस दगड सोडतो तो खालच्याला लागतो. खिंडीच्या वर वाट दोन्हीकडे फुटते. माथा फिरून चार मैलांच्या आसपास, अडीच-तीन तास. माथ्यावर बेसाल्टच्या काळ्या पठारावर मधेच फिक्या रंगाचे ग्रॅनाइटचे धोंडे पडलेले दिसतील. ते इथले नव्हेत, उत्तरेकडून हिमनदीने आणून सोडले. त्यांच्याजवळ थांबून हात लावायला विसरू नका. कडेपासून मात्र लांब राहा, वारा माथ्यावर सर्वात जास्त.

रस्त्यापलीकडच्या नॉर्थरप कॅन्यनमध्ये बेसाल्टच्या खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडलाय. हिवाळ्यात तिथे बाल्ड ईगल रात्रीच्या वस्तीला येतात.

परतताना आय-९० टाळा. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी स्नोक्वाल्मी खिंडीत गाड्या अडकून पडतात. कुली सिटीहून यूएस-२ ने वॉटरव्हिल पठारावरून या. या पठारावर ठिकठिकाणी गव्हाच्या शेतांत घराएवढे बेसाल्टचे धोंडे एकटेदुकटे बसलेले दिसतात, शेतकरी त्यांना वळसा घालून नांगरतात. ही हिमनदीने वाहून आणलेली ओझी, बर्फ वितळला तिथेच टाकलेली. धोंडे खासगी शेतात आहेत, फोटो रस्त्याच्या कडेवरूनच काढा.

पलूस फॉल्स याच सहलीत कोंबायचा मोह आवरा. ड्राय फॉल्सपासून तो एका बाजूला दोन तास आहे. त्याला वेगळा शनिवार द्या. पुराच्या वाटेवरचा बारमाही वाहणारा हा धबधबा जवळपास दोनशे फूट उंच. २०१४ पासून तो वॉशिंग्टनचा अधिकृत राज्य-धबधबा आहे. तिथे आता मुक्काम करता येत नाही आणि दरीत उतरणाऱ्या वाटा अपघाती मृत्यूंनंतर बंद केल्यात. जुन्या ब्लॉगवर त्या वाटांचं वर्णन अजून सापडतं, त्यावर जाऊ नका. कठड्याच्या आतूनच बघा, आणि जेवणाचा डबा झाकून ठेवा. तिथले मार्मट, खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी, भाकरीला भीत नाहीत.